आठ नंबरचा चाकू आणि चार हत्ती

पहिला दिवस, गुरुवार

फ्रान्समधल्या ल्योंहून शाँबेरीला यायला आगगाडीला दीडेक तास लागला. स्टेशनवर भाचा उभा होता. तो इथल्या विद्यापीठात शिकतो. त्याची बहुतेक शेवटची सहामाही, त्यामुळे यायचं तर आत्ताच, असं ताईने फोनवर चारदा बजावलं होतं. सप्टेंबरचा शेवट, हवेत बोचरा गारवा, आणि रस्ता वळला की समोर डोंगर.

मला इथून एक चाकू घ्यायचा होता. त्यामागची गोष्ट जुनी आहे. वडील कोकणात आंब्याची कलमं बांधायचे. त्यांच्या खिशात मिटणारा चाकू असायचा, पात्यामागे स्प्रिंग असलेला. ती स्प्रिंग तुटली तेव्हा मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो. घड्याळाच्या स्प्रिंगेचा तुकडा कानसून मी नवी बनवली. पहिलीला पाणी जास्त बसलं, म्हणजे ती फार कडक झाली, आणि चाकू मिटताना काडीसारखी मोडली. दुसरीला कमी बसलं, ती वाकली ती वाकलीच. वडील काही बोलले नाहीत, पण त्यानंतर तो चाकू सुतळीने बांधून ठेवायचे. तेव्हापासून स्प्रिंगच नसलेल्या मिटत्या चाकूचं मला फार कुतूहल. असा सगळ्यांत नावाजलेला चाकू साव्हुआ प्रांतातला, ओपिनेल. त्याचा कारखाना याच गावात आहे.

सामान टाकून तासाभरात दुकान गाठलं. नंबरांप्रमाणे मांडलेले चाकू होते, करंगळीएवढ्यापासून हातभर लांबीच्यापर्यंत. मी आठ नंबरचा मागितला, साध्या पोलादाचा. दुकानातल्या बाईंनी स्टेनलेसचा पुढे केला, हा गंजत नाही म्हणून. मी मान हलवली. पात्यावर 'कार्बोन' असा शिक्का असलेलाच हवा होता. तेरा युरोंच्या आत काम झालं, म्हणजे साधारण बाराशे रुपये.

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तो असाच खिशात घालून हिंडू नकोस हं. इथे चाकू बाळगायला कारण लागतं."

"कारण म्हणजे?"

"जेवणाची पिशवी. पाव, फळं काहीतरी बरोबर ठेव. विचारलं तर सांगता येतं."

म्हणून आठवडाभर माझ्या खांद्याला एक कापडी पिशवी होती, आत पाव आणि एक सफरचंद. कायदा पाळायचा तर असा पाळावा, पोट भरतं.

रात्री टेबलावर दिव्याखाली तो नीट पाहिला. पातं साडेआठ सेंटिमीटरचं, पातळ, पोटाला किंचित फुगीर, टोक थोडं वर उचललेलं. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, एकाच तुकड्याची, पातं बसायला तिच्यात करवतीने चीर घेतलेली. आत पत्र्याचं अस्तर नाही, पाठीला स्प्रिंग नाही. सुटे भाग मोजले तर पाच. पातं, मूठ, रिव्हेट, एक पक्कं बसवलेलं कडं आणि त्यावर एक फिरतं कडं. पातं उघडून फिरतं कडं अंगठ्याने वळवायचं, की कड्याची फट पात्याच्या मागून सरकते आणि पातं मिटायचं बंद होतं. सगळं मिळून वजन पन्नास ग्रॅमच्याही आत. माझ्या हातून तीनशे-चारशे पोरं फिटर होऊन बाहेर पडली असतील. त्यांच्यापुढे हा चाकू ठेवून 'यातला एक भाग कमी करून दाखवा' असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

दुसरा दिवस, शुक्रवार

भाच्याचे तास होते, म्हणून एकटाच निघालो. कमानींच्या एका लांब रस्त्याने चालत गेलो. रस्त्याचं नाव र्यू द ब्वान्य. टोकाला चौक, आणि चौकात चार हत्ती.

मी जागीच थांबलो. कारंज्याच्या चारही दिशांना एकेक हत्ती तोंड करून उभा, सोंडेतून पाण्याची धार. हत्ती फक्त पुढच्या अर्ध्या भागाचे, मागचा भाग खांबात गेलेला. गावकरी त्यांना 'पार्श्वभाग नसलेले चौघे' म्हणतात, फ्रेंचमध्ये त्यावर शब्दांचा खेळ आहे. खांब ताडाच्या खोडासारखा घडवलेला, वर एका माणसाचा पुतळा. नाव वाचलं आणि रस्त्याच्या नावाचा उलगडा झाला. हा आपला डी बॉईन!

मी पुण्यात वानवडीला राहतो. शिंद्यांची छत्री घरापासून चालत दहा मिनिटांवर. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी शिंदे वानवडीलाच वारले, त्यांची छत्री तिथे आहे. पानिपतात पाय जायबंदी होऊनही ज्याने पुढे दिल्लीच्या बादशहाला आपल्या हाताखाली ठेवलं, त्या महादजींच्या कवायती पलटणी उभ्या केल्या त्या या माणसाने. जन्म १७५१, याच शाँबेरीत, केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी. १७८४ मध्ये तो महादजींच्या चाकरीत आला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या दोन्ही लढाया त्याच्या पलटणींनी मारल्या. १७९३ मध्ये लाखेरीला याच पलटणी होळकरांच्या फौजेवर चालून गेल्या, मराठ्यांवर मराठे. महादजींच्या मृत्यूनंतर तो विलायतेला परतला, गावी येऊन राहिला, रुग्णालयांना आणि गरिबांसाठी मोठ्या देणग्या दिल्या, १८३० मध्ये गेला. कारंजं १८३८ चं.

मी हत्तींच्या समोरच्या बाकावर बराच वेळ बसलो. पलटणींच्या खर्चासाठी महादजींनी त्याला दोआबात जहागीर तोडून दिली होती. तिथल्या कुणबटांनी भरलेला सारा, राजपुतान्यातली लूट, शिंद्यांच्या खजिन्यातला पगार, हे सगळं समुद्र ओलांडून इथे आलं आणि त्यातून हा रस्ता उभा राहिला. गावाने त्याची आठवण हत्तींच्या रूपाने ठेवली, याचं मला बरं वाटलं. पण लाखेरीचं नाव मनातून जाईना. वानवडीच्या छत्रीत इतक्यांदा गेलो, तिथे मला कधी शाँबेरी आठवायचं कारण नव्हतं. आता आठवेल.

पिशवीतलं सफरचंद काढलं, नव्या चाकूने पहिल्यांदा कापलं. सालीची एकच लांब पट्टी निघाली. पातं इतकं पातळ की फोडीत ते घुसतं, फोड फाकत नाही. जाड पात्याच्या चाकूने सफरचंद कापलं तर शेवटी कटकन तडकतं. इथे तसं होत नाही. पुसून पाहिलं तर पात्यावर निळसर करडी छटा आली होती. लोखंडी विळीवर वांगी चिरली की काळी पडतात, तोच प्रकार. हिरडा आणि लोखंड मिळून पूर्वी शाई करायचे, त्यातलीच ही रसायनं. ही छटा गंज नव्हे. ती बसली की पुढचा तांबडा गंज धरायचं प्रमाण उलट कमी होतं.

तिसरा दिवस, शनिवार

शनिवारचा बाजार. अक्रोड, नाशपाती, द्राक्षं, मधाच्या बरण्या, मोठमोठ्या चाकांच्या आकाराचं बोफोर नावाचं चीज. विकणारा माणूस लांब पात्याने चीजची चकती काढून चाकूच्या टोकावरच चाखायला देत होता. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यावर उभे राहून पाव छातीशी धरून, चाकू स्वतःकडे ओढत काप काढत होते. चाकू माझ्याकडचाच, पण मूठ काळीभोर आणि पातं घासून घासून अर्ध्या रुंदीचं उरलेलं. मी माझा दाखवला. त्यांनी हातात घेतला, कडं फिरवलं, परत दिला, आणि स्वतःचा माझ्या हातात ठेवला. भाषेचा प्रश्नच आला नाही. रिव्हेट सैल नव्हता. इतकी वर्षं वापरलेल्या चाकूत मी सगळ्यात आधी तेच बघतो.

दुपारी पाव कापून पाहिला. आठ नंबर पावाला थोडा आखूड पडतो, कडक सालीच्या पावाला दहा नंबर बरा. चीज, फळं, टोमॅटो, दोरी, पेन्सिल, या सगळ्यांना आठ नंबर पुरतो. अक्रोड फोडायला म्हणून टोक घालून पिळायचा मोह झाला, तो मी आवरला. इतकं पातळ पातं कापण्यासाठी असतं, उचकटण्यासाठी नाही.

रात्री भाच्याने स्वयंपाक केला. भांडी घासताना चाकूही बेसिनमध्ये पाण्यात राहिला. मला सकाळी कळलं.

चौथा दिवस, रविवार

पात्यावर तीन तांबडे ठिपके, मुठीतली चीर फुगलेली. भाचा ओशाळला होता. "सॉरी मामा, चमच्यांबरोबर राहिला."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि वर्गात शिकवायचो तसं शिकवलं. पोलादात साधारण ०.९ टक्के कार्बन आहे, त्यामुळे ते कडक होतं, धार छान घेतं, आणि धार गेली तरी साध्या दगडावर परत आणता येते. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, ते गंजाला आडवं येतं. ते पातंही चांगलंच असतं. समुद्राकाठी राहणाऱ्याने, किंवा ज्याच्या घरात चाकू पुसायची सवय नाही त्याने तेच घ्यावं. पण मला दगडावर पोलादाचा जो आवाज हवा असतो तो याच्यातच येतो.

ठिपके बारीक पॉलिश कागद आणि तेलाच्या थेंबाने निघाले. मूठ मात्र पुसून उन्हात ठेवायची चूक करायची नसते, लाकूड तडकतं. सावलीत, वाऱ्याला, दिवसभर. संध्याकाळपर्यंत चीर मूळपदावर आली. मग जवसाच्या तेलाचा हलका हात दिला. हे लाकूड पाणी पितं, म्हणून त्याला आधी तेल पाजून ठेवायचं.

धार लावायला धारेचा दगड मी पुण्याहूनच आणला होता. दोन्ही बाजूंनी सारख्या कोनाने, अंदाजे वीस अंश, पाण्याच्या थेंबावर. दहा मिनिटांत मनगटावरचे केस निघाले. भाच्याने दुसऱ्या प्रयत्नात कोन साधला. त्याच्या हातात गंमत आहे, त्याच्या आजोबांची असेल.

पाचवा दिवस, सोमवार

सँ-जाँ-द-मोरियेनला गाडीने तासभर. सुरुवातीला द्राक्षमळे, मग दरी आवळत जाते, आर्क नदी कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि मधूनच कारखान्यांच्या लांब शेड. ही दरी नुसती गुरं चारणाऱ्यांची नाही. पाण्यापासून वीज आली तशी इथे अॅल्युमिनिअम आलं. लोखंडकाम त्याच्याही आधीचं.

गावात ओपिनेलचं छोटं संग्रहालय आहे. झोझेफ ओपिनेल १८७२ चा. वडिलांचं दुकान होतं, कुऱ्हाडी आणि कोयते घडवायचं. थोडक्यात आपला गावचा लोहार. १८९० मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने हा खिशातला चाकू बनवला. आधी मित्रांसाठी, मग मागणी वाढली. १८९७ मध्ये त्याने चाकूंना एक ते बारा नंबर दिले. पुढे त्यातले दोन बंद झाले. एक नंबर फारच इवलासा होता, आणि अकरा नंबर दहा आणि बाराच्या इतका जवळचा की त्याचं काही कामच नव्हतं. या दोन नंबरांच्या कथेत मला त्या माणसाचा स्वभाव दिसतो. वस्तू ठेवायची तर तिचं काम असलं पाहिजे.

एका दालनात मुठी घडवायची यंत्रं आहेत. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ होतो. झोझेफला यंत्रांचं वेड होतं, फोटोग्राफीचंही. हाताने एकेक मूठ छिलत बसला असता तर चाकू स्वस्त राहिलाच नसता. लाकूड खाचेत धरून पाती फिरवणारी यंत्रं त्याने स्वतः योजली, आणि म्हणून डोंगरातला शेतकरी, दूधवाला, द्राक्षं छाटणारा मजूर हा चाकू घेऊ शकला. स्वस्तपणा इथे काटकसरीतून आलेला नाही, विचार करून आलेला आहे.

फिरतं कडं बरंच उशिराचं, १९५५ चं. झोझेफचा मुलगा मार्सेल याने ते काढलं. त्याआधी पासष्ट वर्षं लोक नुसत्या घर्षणावर भिस्त ठेवून चाकू वापरत होते, आणि बोटं कापून घेत असणार. २००० सालापासून तेच कडं मिटलेलं पातंही अडकवून ठेवतं, म्हणजे पिशवीत आपोआप उघडत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८५ मध्ये जगातल्या शंभर सुंदर वस्तूंत याला घेतलं, आणि १९८९ मध्ये लारूस शब्दकोशात हे आडनाव शब्द म्हणून आलं.

पात्यावर हाताचा पंजा आणि त्यावर मुकुट असा छाप आहे. तो कुठून आला हे कळायला कॅथीड्रलमध्ये जावं लागतं. या गावात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बोटांचे अवशेष जपले आहेत अशी श्रद्धा आहे, म्हणून गावाच्या चिन्हात आशीर्वाद देणारा हात आहे. मुकुट साव्हुआच्या ड्यूकांचा. नववा चार्ल्स या फ्रान्सच्या राजाने १५६५ मध्ये हुकूम काढला होता की प्रत्येक चाकू करणाऱ्याने मालावर आपली खूण ठोकावी. ती परंपरा धरून झोझेफने १९०९ मध्ये ही खूण घेतली. आत पंधराव्या शतकातली कोरीव लाकडी आसनं आहेत. मी त्यातल्या एका आसनाच्या हातावर हळूच हात फिरवला. सुतारकाम फार बारकाईचं आहे, सांधा कुठे ते दिसत नाही.

येताना गाडीत भाचा म्हणाला, "मामा, तुला कारखाना बघायचा होता ना?"

"यंत्रं पाहिली, पुरे."

खरं म्हणजे पुरे नव्हतं. पण उद्याचा दिवस मला आल्बिए गावासाठी हवा होता.

सहावा दिवस, मंगळवार

आल्बिएला भाच्याच्या मित्राच्या गाडीने गेलो. सँ-जाँपासून घाट चढत राहायचा, १५०० मीटरच्या आसपास. झोझेफच्या वडिलांची कार्यशाळा याच भागातल्या जेव्हुदा वाडीवर होती. रस्ता इतका वळणावळणाचा की मला आंबेनळी आठवला. वर गेल्यावर समोर एग्वी दार्व म्हणजे तीन सुळके. ढग आले आणि दहा मिनिटांत तिन्ही गायब.

पावसात अडकलो. एका गोठ्याच्या पडवीत उभे राहिलो. पिशवी भिजली, चाकू भिजला. पाव कापायला काढला तर पातं उघडेना. मूठ फुगून तिने पात्याला कवटाळलं होतं. भाचा नखाच्या खाचेत नख घालून ओढत होता. मी म्हटलं, "नख तुटेल, थांब."

गोठ्यातल्या बाई बाहेर आल्या. आमचा प्रकार बघून त्यांनी चाकू घेतला, आधी कडं मोकळं केलं, मूठ उलटी धरली आणि शेपटीकडचा भाग लाकडी खांबावर ठक्कन आपटला. पातं स्वतःच बोटभर बाहेर आलं. याला इथे साव्हुआचा ठोका म्हणतात, असं मित्राने समजावलं. कुठेही वंगण नाही, पक्कड नाही. लाकूड फुगलं तर लाकडावर लाकूड आपटायचं.

मी तिथे उभ्याउभ्या पाच वेळा करून पाहिलं. बाईंनी चीजचा तुकडा दिला, तो त्याच चाकूने कापला. ओल्या गवताचा, दुधाचा आणि लाकडाच्या धुराचा एकत्र वास. थंडीने बोटं आखडली होती, पण मूठ हाताला गार लागत नव्हती. धातूची मूठ असती तर अशा हवेत नकोशी झाली असती.

परत येताना एक गोष्ट स्पष्ट झाली. या चाकूत एका हाताने उघडायची सोय नाही. हातमोजे घातले की नखाची खाच सापडत नाही. ओलीत अडकतो. कड्यात चीजचा चिकटा गेला तर ते फिरायला जड जातं, मग काडीने साफ करावं लागतं. हे सगळं खरं. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला मी तरी स्टेनलेसचा घेऊन जाईन, हा नाही. पण शेतावर, बागेत, डब्याबरोबर, कलमाच्या फांदीवर, हाच.

वडिलांच्या चाकूत स्प्रिंग गेली आणि चाकू गेला. यात तुटण्यासारखं तेवढंच काही नाही. रिव्हेट सैल झाला तर हातोडीचे दोन हलके ठोके. मूठ खराब झाली तर तीही कुणी सुतार करील. मी करीन.

सातवा दिवस, बुधवार

संध्याकाळचं विमान. चाकू केबिनमध्ये नेता येत नाही, म्हणून तो मोठ्या बॅगेत, कापडात गुंडाळून, कडं मिटल्या बाजूला वळवून. पण त्याआधी सकाळी भाच्याने पोहे करायला घेतले. मी बॅग भरत होतो. चाकू टेबलावर होता, त्याने विचारलंही नाही, घेतला. कांदा चिरतानाचा तो बारीक, भरभर आवाज मला आतल्या खोलीत ऐकू येत होता. मग नळ वाहिला, बंद झाला. कपाटाचा दरवाजा उघडला, कोरडं फडकं काढल्यासारखं वाटलं.

तो दारात आला. पातं दिव्यासमोर धरून दोन्ही बाजूंनी बघत होता.

"मामा, पुसलाय. चीरसुद्धा. तेल देऊ का थोडं?"